विहिरीच्या यारीचा वायररोप : कापण्याची व जोडण्याची सुरक्षित रीत

रब्बीची सुगी आटोपून शेते मोकळी झाली की हसनाबाद परिसरात विहिरींच्या कामांना आरंभ होतो. भोकरदन तालुक्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली कठीण खडक. पाणी लागते ते या खडकाच्या भेगांतून. म्हणून विहीर चाळीस-पन्नास फूट खाली नेल्यावाचून बहुधा भागत नाही. एवढ्या खोलीतून दगड डोक्यावर वाहून वर आणणे माणसाच्या आवाक्यातले काम नव्हे. ते काम आज यारी करते. काठावर उभारलेला लोखंडी खांब, त्याला फिरता दांडा, इंजिनावर चालणारा ड्रम, आणि ड्रमवरून कप्पीमार्गे विहिरीत सोडलेला पोलादी तारांचा दोर, एवढा हा संच. या दोरालाच सर्वत्र वायररोप म्हणतात.

यारी ठरविताना शेतकरी दर विचारतो, इंजिन कसे आहे ते पाहतो, काम किती दिवसांत उरकेल याची चौकशी करतो. दोराकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. वस्तुतः खाली उतरलेल्या मजुरांचे प्राण त्या दोरावर अवलंबून असतात.

गेल्या वैशाखात याच परिसरातील एका विहिरीवर मी पाहणीसाठी गेलो होतो. मी पोहोचण्याच्या थोडा वेळ आधी दगडांनी भरलेली बकेट काठापासून हातभर अंतरावर आली असता सुटून खाली कोसळली होती. भाकरीची वेळ झाल्यामुळे खालचे चारही मजूर नुकतेच शिडीने वर आले होते, म्हणून अनर्थ टळला. खाली राहिलेल्या टिकावाचा दांडा मात्र दुभंगला होता. जमलेले लोक म्हणत होते की रोप तुटला. मी दोराचे टोक हाती घेऊन न्याहाळले. त्यातील एकही तार तुटलेली नव्हती. दोर क्लॅम्पातून निसटला होता. चौकशीअंती कळले की दोनच दिवसांपूर्वी टोक खराब झाले म्हणून दोर दगडावर ठेवून कुऱ्हाडीने तोडला होता, फिसकारलेले टोक तसेच वळवून दोन क्लॅम्प लावले होते, आणि दोन्ही क्लॅम्प उलटे बसविले होते. पहिल्या दिवसानंतर नटांना पुन्हा पाना लागला नव्हता.

दोर कितीही दणकट असला तरी त्याची ताकद टोकाच्या जोडाएवढीच असते, हे या प्रसंगावरून ध्यानात यावे. कारखान्याने दिलेल्या दोरात सहसा खोट नसते. खोट येते ती आपण तो कापतो आणि जोडतो तेथे. म्हणून या दोन कामांची शास्त्रशुद्ध रीत प्रस्तुत लेखात दिली आहे. विहीर खोदविणाऱ्या शेतकऱ्यांनी व यारी चालविणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी.

वायररोपची घडण

पूर्वी मोटेला जो नाडा असे तो वाखाचा किंवा अंबाडीचा. त्याला गाठ मारता येई, तुटला तर पेड उकलून सांधता येई. वायररोप हा दिसण्यात दोर असला तरी त्याचा स्वभाव निराळा आहे. बारीक पोलादी तारा एकत्र वळून एक पेड होतो, आणि असे बहुधा सहा पेड मधल्या गाभ्याभोवती वळून दोर तयार होतो. गाभा कधी काथ्यासारख्या धाग्याचा असतो, कधी पोलादाचा. यारीवर ६×१९ या घडणीचा दोर नेहमी आढळतो. याचा अर्थ सहा पेड आणि प्रत्येक पेडात १९ तारा, म्हणजे एकूण ११४ तारा. भार उचलताना या सर्व तारा किंचित सरकून तो आपसांत वाटून घेतात. दोराची खरी ताकद या वाटणीत आहे.

असा दोर प्रथम वापरात आला तो खाणीतच. जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतातल्या क्लाउस्टाल येथील खाणींत विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने १८३४ साली तो उपयोगात आणला. त्याच्या दोरात तीन पेड आणि प्रत्येक पेडात चार तारा होत्या. तत्पूर्वी तेथे ताग्याचे दोर व लोखंडी साखळ्या वापरीत. साखळीचा दोष असा की एक कडी तुटली की सर्व भार त्याच क्षणी खाली जातो. तारांच्या दोराचे तसे नाही. त्याची एक तार आज तुटते, दुसरी उद्या तुटते, आणि पाहणाऱ्याला इशारा मिळतो. हा इशारा पाहण्याची सवय मात्र आपल्याला हवी.

आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. जालना शहर सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरबांधणीत जी ५०० प्रतीची सळई आपण वापरतो तिच्यापेक्षा वायररोपची तार सुमारे तिप्पट ताण सहन करते. पोलाद थंड स्थितीतच साच्याच्या छिद्रांतून पुनःपुन्हा ओढून ही ताकद आणलेली असते. म्हणून या तारेला उष्णता लागली की ती ताकद निघून जाते, आणि तीव्र वळण पडले की तार आतून दुखावते. पुढे सांगितलेले बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

जाडीचे माप व भाराचा हिशोब

दोराची जाडी व्हर्नियरने मोजावी. समोरासमोरच्या दोन पेडांच्या उंचवट्यांवर माप घ्यावे. दोन पेडांमधील सपाट बाजूंवर घेतलेले माप खऱ्यापेक्षा कमी भरते आणि क्लॅम्प निवडण्यात चूक होते. खरेदी करताना भारतीय मानक २२६६ प्रमाणे बनविलेला दोर मागावा आणि त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर जाडी, घडण व तुटण्याचा भार लिहिलेला असतो.

१२ मिलिमीटर जाडीचा, धाग्याच्या गाभ्याचा, १७७० प्रतीचा नवा दोर सुमारे ८ टन ताणाला तुटतो. परंतु ८ टनांचा दोर म्हणजे ८ टन उचलणारा दोर, असे कदापि समजू नये. माल उचलण्यासाठी तुटण्याच्या भाराचा पाचवा हिस्साच धरावा. म्हणजे सुमारे १,६०० किलो झाले. क्लॅम्प लावून केलेला जोड उत्तम असला तरी दोराच्या ताकदीच्या सुमारे ८० टक्के इतकाच टिकतो. म्हणून उरले १,२८० किलो. हा झाला नव्या दोराचा, नीट केलेल्या जोडाचा आणि सावकाश उचललेल्या ओझ्याचा हिशोब.

आता बकेटीचे वजन पाहू. फोडलेल्या काळ्या दगडाचे वजन घनमीटरला सुमारे १.६ टन भरते. १५ घनफुटांच्या बकेटीत तो सुमारे ६८० किलो मावतो. रिकाम्या बकेटीचे वजन १२० किलो धरल्यास एकूण ८०० किलो होतात. वरकरणी हे मर्यादेत आहे. पण बकेट खाली टेकलेली असता दोर सैल पडला आणि इंजिनाने एकदम हिसका दिला, तर एकाएकी पडणारा ताण दुपटीवर जातो. हिसका जितका मोठा, तितका ताण अधिक. म्हणजेच त्या क्षणी आपण १,६०० किलो किंवा त्याहून अधिक उचलीत असतो आणि मर्यादा ओलांडलेली असते. यासाठी आधी दोर हळू ताणून घ्यावा, बकेट वीतभर उचलून थांबावे, आणि मगच वर घ्यावी. दगड बकेटीच्या काठावर रचून भरू नयेत.

माणसांची ने-आण करण्याच्या दोराला याहून कितीतरी अधिक, साधारणतः दहापट ताकदीची राखीव तरतूद लागते. शिवाय निराळे ब्रेक व निराळा पाळणा लागतो. यारीच्या बकेटीत यांपैकी काहीही नसते. म्हणून बकेटीत बसून वा तिच्या कडेवर उभे राहून चढ-उतार करू नये. घाई असली तरी शिडीच वापरावी.

नवा दोर उलगडताना

नवा दोर भेंडोळ्याच्या स्वरूपात येतो. ते जमिनीवर आडवे टाकून टोक ओढू नये. असे केल्यास प्रत्येक वेढ्यागणिक दोराला एक पीळ पडतो आणि कोठेतरी आढी बसते. आढी ओढून सरळ दिसली तरी तेथील तारा कायमच्या वाकलेल्या असतात, आणि दोर पुढे तेथेच तुटतो. भेंडोळे उभे धरून चाकासारखे जमिनीवर गडगडत न्यावे, म्हणजे दोर सरळ पसरत जातो. दोर रिळावर गुंडाळलेला असल्यास रिळातून पहार घालून, दोन आधारांवर फिरते ठेवून तो ओढावा. खाली माती किंवा खडी असल्यास तरट अंथरावे. दोरात शिरलेले खडे आतून कानशीसारखे काम करतात.

कापण्याची रीत

दोर कापण्यापूर्वी तो बांधावा, हा पहिला नियम होय. बांधल्यावाचून कापला तर पेड सुटतात, तारा उसवतात, गाभा आत सरकतो आणि भार वाटून घेण्याची व्यवस्था कित्येक फुटांपर्यंत बिघडते. ती पुन्हा हाताने बसविता येत नाही.

बांधणीसाठी सळया बांधण्याची मऊ बाइंडिंग तार चालते. जेथे कापावयाचे तेथे खडूने खूण करावी. खुणेच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी दोन बांधण्या घालाव्यात. पहिली खुणेपासून सुमारे एक बोट अंतरावर आणि दुसरी तिच्यापलीकडे चार बोटांवर. प्रत्येक बांधणीची लांबी दोराच्या जाडीच्या किमान दीडपट असावी. म्हणजे १२ मिलिमीटरच्या दोराला सुमारे दोन सेंटिमीटर. तारेचे वेढे एकमेकांस चिकटून आणि घट्ट घ्यावेत. शेवटी दोन्ही टोके पक्कडीने पिळून, वाकवून पेडांच्या खाचेत दाबावीत. काही दोरांचे पेड कारखान्यातच पिळाचा आकार देऊन बसविलेले नसतात. अशा दोराचे टोक मोकळे होताच झाडूसारखे फुलते. त्याला प्रत्येक बाजूस तीन बांधण्या घालाव्यात.

ताणाखाली असलेला दोर कधीही कापू नये. बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, दोर सैल करून घ्यावा. कापताना दोन्ही बाजू पायाखाली किंवा शिकंजात पक्क्या धराव्यात. कारण कापताच पोलादी टोक उसळी घेते. कापणाऱ्याखेरीज इतरांनी, विशेषतः मुलांनी, जवळ थांबू नये.

कापण्यासाठी वायररोपचीच कात्री किंवा हायड्रॉलिक कटर उत्तम. तो नसल्यास ग्राइंडरला कापण्याची पातळ चकती लावून कापावे. चकतीवरील संरक्षक आवरण काढू नये, आणि ठिणग्या डिझेलच्या डब्याकडे जाणार नाहीत असे उभे राहावे. ही दोन्ही साधने नसली तर लोखंडी ऐरणीवर दोर ठेवून रुंद, धारदार छिन्नीने कापता येतो. पण छिन्नीचे डोके घणाच्या ठोक्यांनी फुललेले असेल तर ती वापरू नये, त्याचे तुकडे उडतात. कुऱ्हाड, कोयता किंवा दोन दगडांमध्ये ठेचणे यांनी दोर कापला जात नाही, तो चेचला जातो.

कोणत्याही साधनाने कापा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. तारेचा तांदळाएवढा तुकडा गोळीसारखा उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. उन्हाचा काळा चष्मा या कामाचा नव्हे. दोर हाताळताना चामडी हातमोजे घालावेत, म्हणजे तुटलेल्या तारांची टोके रुतत नाहीत. मात्र ड्रम फिरत असताना हातमोजे घातलेला वा न घातलेला, कोणताही हात दोराजवळ नेऊ नये. मोजा तारेत अडकला तर दोर हातासकट आत ओढून नेतो.

गॅस कटरने कापणे सोपे वाटते. परंतु वर सांगितल्याप्रमाणे तापलेल्या तारेची ताकद जाते. शिवाय दोरातील वंगण व धाग्याचा गाभा पेट घेतो, आणि जस्ताचा मुलामा असल्यास त्याचा धूर छातीस अपायकारक असतो. म्हणून शक्यतो गॅस वापरू नये. वापरावाच लागला तर निळसर पडलेला सर्व भाग नंतर थंड साधनाने कापून टाकावा.

जोडण्याची रीत

प्रथम निषिद्ध गोष्ट सांगतो. वायररोपला गाठ मारू नये. गाठीत तारा इतक्या तीव्र वळतात की दोराची निम्मी किंवा त्याहूनही अधिक ताकद तेथेच संपते. तसेच तुटलेल्या दोराचे दोन तुकडे क्लॅम्प लावून मधोमध जोडू नयेत. असा जोड कप्पीवरून जाताना अडकतो आणि सैल होतो. दोर आखूड पडत असेल तर नवा घ्यावा. विहीर त्याच्यासाठी थांबवावी लागली तरी थांबवावी.

टोकाला फासा करावयाचा तो थिंबलवर करावा. थिंबल म्हणजे बाहेरून पन्हळीसारखी खोबण असलेली, बदामाच्या आकाराची पोलादी कडी. ती नसेल तर दोर हुकाच्या बारीक वळणावर चपटा होतो आणि आतल्या तारा तुटू लागतात. थिंबलची किंमत इतकी अल्प आहे की ती वाचविण्यात शहाणपण नाही.

क्लॅम्पचे दोन भाग असतात. एक यू आकाराचा बोल्ट, दुसरी खाचा पाडलेली बैठक, जिच्यावर दोन नट आवळले जातात. बैठकीच्या खाचा दोराच्या पेडांशी जुळतात, म्हणून ती दोराला इजा न करता धरते. यू बोल्ट गोल असल्यामुळे तो तारांत रुततो. यावरून नियम निघतो तो असा : बैठक भाराच्या बाजूला, यू बोल्ट शेपटाच्या बाजूला. भाराची बाजू म्हणजे जी वर ड्रमकडे जाते ती. शेपूट म्हणजे वळवून आणलेले आखूड टोक. भार ज्याच्यावर आहे त्या दोराने बैठकीवर बसावे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे चूक होणार नाही. सर्व क्लॅम्प एकाच दिशेने लावावेत. एक सुलटा, एक उलटा अशी रचना काहीजण अधिक पक्की मानतात. ती समजूत चुकीची आहे. उलटा क्लॅम्प भाराच्या बाजूच्या तारा चेचतो, आणि जोडाची ताकद निम्म्याच्याही खाली येऊ शकते.

क्लॅम्प दोराच्याच मापाचा घ्यावा. मोठा क्लॅम्प कितीही आवळला तरी धरत नाही. क्लॅम्प घडीव पोलादाचा असावा. ओतीव लोखंडाचे स्वस्त क्लॅम्प ओझे उचलण्याच्या कामी वापरू नयेत. १२ मिलिमीटरच्या दोराला काही कोष्टकांत तीन क्लॅम्प सांगितले आहेत. परंतु विहिरीत खाली माणसे असतात, म्हणून तेथे चार लावावेत. दोन क्लॅम्पांमधील अंतर दोराच्या जाडीच्या सहापट, म्हणजे सुमारे ७ सेंटिमीटर ठेवावे. या हिशोबाने थिंबलभोवती वळवून किमान ४५ सेंटिमीटर शेपूट मागे आणावे लागते. त्यात काटकसर करू नये.

बसविण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. दोर थिंबलच्या खोबणीत नीट बसवून शेपूट भाराच्या दोराला समांतर आणावे. पहिला क्लॅम्प शेपटाच्या टोकाकडे, टोकापासून सुमारे ७ सेंटिमीटर सोडून लावावा आणि आवळावा. दुसरा थिंबलला अगदी लागून लावावा, पण पूर्ण आवळू नये. उरलेले दोन मधे समान अंतराने बसवावेत. नंतर फाशाला थोडा ताण देऊन मधली सैल काढून घ्यावी, आणि सर्व नट थोडे थोडे, आलटून-पालटून आवळावेत. एका बाजूचा नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास बैठक तिरकी बसते. दोर क्लॅम्पाखाली किंचित दबलेला दिसला पाहिजे. मात्र पान्याला पाइप घालून तारा तुटेपर्यंत जोर करू नये. क्लॅम्पबरोबर आवळण्याचे माप दिलेले असेल तर तेच पाळावे.

येथे काम संपले असे समजू नये. पहिला भार पडताच दोर ताणून बारीक होतो आणि नट आपोआप सैल पडतात. म्हणून खाली कोणीही नसताना भरलेली बकेट वीतभर उचलून पाच मिनिटे तशीच धरावी, नंतर टेकवावी, आणि सर्व नट पुन्हा आवळावेत. त्या दिवशी दोन तासांनी एकदा, आणि पुढे रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी पाना लावून पाहावा. वर सांगितलेल्या विहिरीवर एवढे केले असते तर दोर सरकू लागला आहे हे आदल्या दिवशीच उमगले असते. यासाठी शेपटाजवळ, शेवटच्या क्लॅम्पच्या कडेला, दोरावर तांबड्या रंगाची रेघ ओढून ठेवावी. रेघ क्लॅम्पपासून हलली की दोर सरकतो आहे हे लांबूनही दिसते.

पेड उकलून फासा विणण्याची रीतही आहे, परंतु ती शिकलेल्या कारागिराचेच काम होय. कारखान्यात नळी दाबून बसविलेला फासा मिळाला तर तो क्लॅम्पपेक्षा अधिक भरवशाचा असतो. नवा दोर घेताना एका टोकाला असा फासा करून मागावा; त्यामुळे बकेटीकडील जोडाची निम्मी काळजी मिटते.

ड्रम व कप्पी

ड्रमकडील टोक बोल्टने वा पट्टीने पकडलेले असते. ती पकड एकटी संपूर्ण भार पेलण्यासाठी नसते. ड्रमवरील वेढ्यांच्या घर्षणाने भार धरला जातो. म्हणून बकेट विहिरीच्या तळाशी टेकली असताही ड्रमवर किमान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. विहीर जसजशी खोल जाते तसतसे हे वेढे कमी होत जातात, याकडे बहुतेकांचे लक्ष राहत नाही. दर आठवड्यास वेढे मोजावेत. कप्पीचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान १८ ते २० पट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या दोराला सुमारे २२ ते २४ सेंटिमीटर असावा. लहान कप्पीवर नवा दोरही लवकर थकतो.

रोजची पाहणी आणि दोर केव्हा बाद करावा

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी दोर फडक्याने पुसत पाहावा. उघडा हात फिरवू नये. तुटलेली तार तळव्यात शिरते. फडके जेथे अडकेल तेथे थांबून पाहावे. एखादा पेड दोराभोवती एक पूर्ण फेरा घेतो तेवढी लांबी मोजावी. तेवढ्या लांबीत एकूण सहा तारा, अथवा एकाच पेडात तीन तारा तुटलेल्या आढळल्यास दोर बाद समजावा. जाडी मूळच्या मापापेक्षा पाच टक्क्यांनी घटली, म्हणजे १२ मिलिमीटरचा दोर ११.४ वर आला, तरीही तो बाद समजावा. आढी पडलेला, पेड फुगून पिंजऱ्यासारखा झालेला, उष्णतेने निळसर पडलेला किंवा गंजाने तारा खडबडीत झालेला दोर वापरू नये. क्लॅम्पच्या तोंडाशी तारा तुटू लागल्या असतील तर तेवढा भाग वर सांगितल्याप्रमाणे कापून फासा नव्याने करावा.

सुरुंग लावण्यापूर्वी दोर व बकेट वर घेऊन काठापासून दूर न्यावी. स्फोटानंतर उडालेला दगड दोरावर बसला आहे काय, हे पाहिल्यावाचून काम सुरू करू नये.

दोराला वंगण लागतेच, कारण तारा एकमेकींवर घासतात. परंतु इंजिनातून काढलेले काळे तेल त्यास लावू नये. त्यातील काजळी, धातूचा चुरा व आम्ल दोरास आतून खातात. वायररोपचे वंगण आणून, दोर घासून स्वच्छ केल्यावर पातळ थर द्यावा.

बाद झालेला दोर गोठ्यात टांगून ठेवू नये. पुढील हंगामात कोणीतरी तो गरजेपोटी पुन्हा यारीवर चढवितो. त्याचे हात-हातभर तुकडे करूनच तो भंगारात द्यावा.

शेतकऱ्याने काय करावे

यारी भाड्याची असली तरी विहीर आपली आहे आणि खाली उतरणारे मजूर बहुधा आपल्याच गावचे आहेत. म्हणून सौदा करतानाच दोराचे माप व वय विचारावे, फासा स्वतः पाहावा आणि क्लॅम्प मोजावेत. क्लॅम्पच्या बैठकी भाराच्या बाजूला आहेत की नाहीत, हे पाहण्यास शिक्षण लागत नाही. यारीवाल्यास राग येईल असा संकोच बाळगू नये. जाणता यारीवाला उलट आनंदाने दाखवील. नवे क्लॅम्प व थिंबल यांचा खर्च स्वतः सोसावा लागला तरी तो एका दिवसाच्या मजुरीहून फारसा अधिक होत नाही.

बकेट वर-खाली होत असताना मजुरांनी तिच्या सरळ रेषेत न थांबता विहिरीच्या कडेला, शक्य तर खडकातील कपारीच्या आडोशास उभे राहावे, आणि डोक्यावर हेल्मेट असावे. काठावर इशारा देणारा एकच माणूस नेमावा. यारीवाल्याने त्याचाच शब्द मानावा. असे असले तरी आडोसा आणि हेल्मेट यांनी बारीक दगड चुकतो, भरलेली बकेट चुकत नाही. विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाला पळावयास जागा नसते. त्याची सुरक्षितता वर काठावर, पाना हाती असलेल्याच्या सावधपणात असते. म्हणून उद्या सकाळी विहिरीवर गेल्यावर इंजिनाला हात लावण्यापूर्वी प्रथम फासा पाहावा, चारही क्लॅम्पांना पाना लावावा, आणि तांबडी रेघ जागेवर आहे याची खात्री झाल्यावरच मजुरांना शिडीने खाली उतरण्यास सांगावे.